पाच किलोमीटर, सात किलोमीटर

योग्याकर्त्याला जाणारे बहुतेक लोक बोरोबुदुर आणि प्रंबानन पाहतात, मालिओबोरो रस्त्यावर बाटिकची खरेदी करतात आणि बालीला निघून जातात. आमचाही बेत तोच होता. पण या शहरात उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं की मेरापी दिसतो, आणि एकदा दिसला की दुसरीकडे लक्ष लागत नाही. उंची सुमारे २,९०० मीटर, शहरापासून अंतर तीसेक किलोमीटर. पहाटे आकाश निवळलेलं असतं, तेवढ्या वेळात माथ्यावरची पांढरी वाफ स्पष्ट दिसते. मग ढग चढतात, डोंगर दिवसभरासाठी गडप होतो आणि शहर आपापल्या कामाला लागतं.

इंडोनेशियात सव्वाशेच्या वर जागृत ज्वालामुखी आहेत. त्यांतल्या सर्वांत चळवळ्या ज्वालामुखींत मेरापीची गणना होते. आणि त्याच्या अंगाखांद्यावर दहा लाखांहून जास्त माणसं राहतात. ‘तिथे राहतात कशाला?’ हा प्रश्न आपल्याला पहिल्यांदा सुचतो. त्याचं उत्तर कालिउरांगच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना दिसू लागतं. वर्षात अनेक पिकं देणारी भाताची खाचरं, तुरी भागातल्या सलाक फळांच्या बागा, थोडं वर गेल्यावर हत्तीगवत आणि दुभती जनावरं, नदीपात्रात बांधकामाच्या वाळूचे डोंगर. हे सगळं मेरापीच्याच राखेचं देणं आहे. आपण तरी वेगळं काय करतो? सह्याद्रीची काळी माती साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. आपला ज्वालामुखी कायमचा थंडावला, यांचा अजून काम करतो आहे, फरक तेवढाच.

डोंगरावर जाण्याआधी आम्ही शहराच्या पूर्वेकडे संबिसारीला गेलो. १९६६ साली तिथे एका शेतकऱ्याची कुदळ जमीन खणताना कोरीव दगडावर आपटली. उकरत गेले तेव्हा साडेसहा मीटर खोल अख्खं शिवालय निघालं. आज तिथे पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. गाभाऱ्यात शिवलिंग, बाहेरच्या कोनाड्यांत दुर्गा, गणेश आणि अगस्त्य. मान वर केली की चारही बाजूंना गवताचा उतार आणि त्या उताराच्या वर, आपल्या डोक्यापेक्षा कितीतरी उंचावर, आजची घरं. नवव्या शतकातली जमीन आणि आजची जमीन यांतलं अंतर असं एका नजरेत क्वचितच मोजता येतं.

देऊळ गाडलं ते लाव्ह्याने नाही, लाहारने. उद्रेकानंतर उतारावर राख आणि दगडगोटे साचतात. त्यावर पावसाळ्यातला मुसळधार पाऊस कोसळला की सगळा माल चिखल होऊन नदीतून खाली धावतो. उद्रेक थांबल्यावर वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त काळ, हे चालू राहतं. शिखरापासून वीस किलोमीटरहून दूर असलेल्या संबिसारीपर्यंत हा चिखल पोचला, साठत गेला, आणि लोक देवळासकट सगळं विसरून वर शेती करू लागले. २००९ साली जवळच्याच एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा पाया खणताना आणखी एक छोटं देऊळ सापडलं, त्यातही गणपती.

धोक्याचा पहिला पुरावा असा जमिनीत असतो. माणसाची आठवण आजोबांपर्यंत पोचते, सरकारी नोंदी शे-दोनशे वर्षं मागे जातात, त्यापलीकडचं मातीलाच विचारावं लागतं. भूवैज्ञानिक नदीकाठच्या दरडी आणि खड्डे पाहतात. कुठला थर राखेचा, कुठला लाहारचा, कुठला तापलेल्या वायूसह आलेल्या दगडधोंड्यांचा, हे ओळखतात. थरात अडकलेल्या जळक्या लाकडाचं वय काढतात. कुठल्या काळी काय किती दूर आलं होतं, हे कळलं की नकाशा रंगवता येतो. मेरापीच्या नकाशात तीन पट्टे आहेत. सगळ्यांत आतला, वारंवार भाजून निघणारा तिसरा. त्याच्या बाहेर मोठ्या उद्रेकात सापडू शकणारा दुसरा. आणि नद्यांच्या काठाने खालपर्यंत उतरलेला, लाहारचा पहिला.

मेरापीची खरी भीती वाहत्या लाव्ह्याची नाही. इथला लाव्हा घट्ट. तो तोंडाशीच साचतो आणि घुमटासारखा वाढत जातो. घुमट फार मोठा झाला, कलला, की कोसळतो. कोसळताना काहीशे अंश तापलेली राख, वायू आणि दगड यांचा लोट उतारावरून मोटारीच्या वेगाने खाली येतो. गावकरी त्याला ‘वेधुस गेम्बेल’ म्हणतात, म्हणजे झुपकेदार केसांचा बकरा. लांबून तो लोट तसाच गुबगुबीत दिसतो. पळून त्याच्या पुढे कोणी जाऊ शकत नाही. म्हणून तो निघायच्या आधी निघावं लागतं, आणि सगळा हिशेब त्या ‘आधी’चा आहे.

हा हिशेब ठेवणारी कचेरी योग्याकर्ता शहरातच आहे आणि डोंगराभोवती तिची पाच निरीक्षण ठाणी आहेत: कालिउरांग, बाबादान, ज्राकाह, सेलो आणि ङेपोस. भूकंपमापक रात्रंदिवस चालू असतात. वायूंमधलं गंधकाचं प्रमाण मोजलं जातं. माथ्याजवळ आरसे बसवलेले आहेत. ठाण्यावरून त्यांवर प्रकाशाचा किरण सोडायचा, तो परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं. आत शिलारस चढू लागला की डोंगराची कूस फुगते आणि आरसा ठाण्याच्या दिशेने सरकतो. एरवी हे सरकणं नगण्य असतं. २०१०च्या ऑक्टोबरच्या शेवटी दक्षिणेकडची बाजू दिवसाला सुमारे पन्नास सेंटीमीटर पुढे येत होती. डोंगर दिवसाला हातभर पुढे येतोय, हे वाचताना अंगावर काटा येतो.

इशाऱ्याच्या चार पायऱ्या आहेत. त्या वर्षी २० सप्टेंबरला दुसरी पायरी जाहीर झाली, २१ ऑक्टोबरला तिसरी, २५ ऑक्टोबरला सकाळी चौथी. दहा किलोमीटरच्या आतल्या लोकांना बाहेर पडायला सांगितलं गेलं. दुसऱ्या दिवशी, २६ ऑक्टोबरला संध्याकाळी पाचच्या सुमारास पहिला लोट उतरला. वैज्ञानिकांचं गणित चुकलं नव्हतं. तरी माणसं गेली, आणि ती का गेली हे पाहायला वर किनाहरेजोला जावं लागतं.

वर जायला जुन्या उघड्या जीपगाड्या मिळतात. या भागाचा तो आता मोठा धंदा आहे. आमचा चालक पंचविशीतला होता. आम्ही त्याला तिथल्या रीतीप्रमाणे ‘मास’ म्हणायचो, आणि तो मला अदबीने ‘पाक’. उद्रेकाच्या वेळी तो शाळेत होता. त्याच्या घरच्यांची आधी गुरं होती, आता जीप आहे. चढावर त्याने एका ठिकाणी गाडी थांबवली आणि म्हणाला, “इथून शाळा दिसायची.” समोर हत्तीगवत होतं आणि त्यामागे गेंदोल नदीची खोल घळ. घळीच्या तळाशी वाळूच्या ट्रकांची रांग लागलेली.

किनाहरेजो हे म्बाह मरिजान यांचं गाव. योग्याकर्त्याच्या सुलतानाने १९८२ साली त्यांना मेरापीचा रखवालदार नेमलं होतं. राजवाड्यातून दरवर्षी डोंगराला अर्पण करायच्या वस्त्रा-फुलांचं सगळं तेच पाहायचे. २००६ साली डोंगर खवळला तेव्हा सरकारने गाव सोडायला सांगितलं. मरिजान गेले नाहीत. लोट दुसऱ्या बाजूने उतरला, किनाहरेजो वाचलं, आणि म्हातारा देशभर प्रसिद्ध झाला. शक्तिवर्धक पेयाच्या जाहिरातीतही झळकला. पुढे २०१०ला पुन्हा आदेश आला तेव्हा गावातल्या अनेकांनी सरकारकडे पाहिलं नाही, मरिजान यांच्याकडे पाहिलं. ते जागचे हलले नाहीत. त्या संध्याकाळच्या पहिल्याच लोटात त्यांच्यासह तीसहून जास्त माणसं गेली. त्यांना न्यायला आलेला एक पत्रकार आणि स्वयंसेवकही त्यांत होते. मरिजान यांचा देह नमाजात वाकलेल्या अवस्थेत सापडला.

शहरात बसून त्यांना अंधश्रद्ध म्हणणं सोपं आहे. मला त्यांचा निर्णय इतका सरळ वाटत नाही. डोंगर सोडायचा नाही ही त्यांच्या पदाची जबाबदारी होती, आणि ती त्यांनी अखेरपर्यंत निभावली. गावकऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी २००६चा अनुभव पुरावा मानला. एकदा वाचलो म्हणून पुन्हा वाचू, हे डोंगराखाली राहणाऱ्या माणसाचं सगळ्यांत महागडं अनुमान आहे. आज ते पद मरिजान यांच्या मुलाकडे आहे.

२००६चा दुसरा धडा कालिआदेमच्या बंकरमध्ये दिसतो. अशा लोटापासून जीव वाचवायला काँक्रीटचा हा बंकर जमिनीत बांधला होता. त्या वर्षी १४ जूनला गेंदोलच्या खोऱ्यातून लोट सात किलोमीटर खाली आला. मदतीला थांबलेले दोघे जण आत शिरले आणि दार लावून घेतलं. बंकरवर तापलेल्या राखेचा ढीग साचला. दोघेही आतच दगावले. २०१०ला तो आणखी खोल गाडला गेला आणि नंतर उकरून काढला. आत वाकून जावं लागतं. जाड भिंती, बसकं छत, कोपऱ्यात न्हाणीघर, विजेरीच्या उजेडात दिसणारे काळे पोपडे. भिंत दगड अडवेल, उष्णता अडवणार नाही, हे तिथे दोन मिनिटं उभं राहिलं की अंगाला कळतं. बाहेर आल्यावर मास एवढंच म्हणाला, “लपायचं नाही, पाक. निघायचं.”

पहिल्या लोटानंतर डोंगर शांत झाला नाही. वरचा नवा घुमट झपाट्याने वाढत होता. माथा ढगात आणि राखेत बुडालेला, पण उपग्रहाच्या रडारला ढग आडवे येत नाहीत. त्या चित्रांत घुमटाची वाढ जवळजवळ रोजच्या रोज दिसत होती. सुरोनो यांच्या नेतृत्वाखालच्या ज्वालामुखी विभागाने ३ नोव्हेंबरला धोक्याचं वर्तुळ पंधरा किलोमीटर केलं. ५ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर शतकातला सर्वांत मोठा उद्रेक झाला. १८७२ नंतर मेरापीने असं रूप दाखवलं नव्हतं. वर्तुळ वीस किलोमीटर झालं आणि राखेच्या पावसात, अंधारात, लाखो माणसं खाली सरकली. आधी उघडलेल्या छावण्याही वर्तुळात सापडल्या, त्या पुन्हा हलवाव्या लागल्या.

गेंदोलच्या काठचं ब्रोंगांग शिखरापासून तेरा किलोमीटरवर. विसाव्या शतकातले बहुतेक लोट यापेक्षा कितीतरी वर थांबले होते. तिथल्या म्हाताऱ्यांनाही लोट दारात आल्याचं आठवत नव्हतं. त्या रात्री माणसं घरांत झोपलेली होती. लोट नदीच्या पात्रातून पंधरा किलोमीटरपर्यंत आला, वळणावर काठ ओलांडून गावात शिरला. एकूण उद्रेकात साडेतीनशेहून जास्त माणसं दगावली. ब्रोंगांगचा त्यांत मोठा वाटा आहे.

‘सिसा हार्ताकू’ हे एका कुटुंबाने आपल्या जळक्या घरातच मांडलेलं संग्रहालय आहे. नावाचा अर्थ ‘माझ्या मालमत्तेतलं उरलेलं’. वितळून एकमेकांना चिकटलेल्या काचेच्या बाटल्या, चाकं नसलेल्या मोटारसायकलींचे सांगाडे, वाकलेले चमचे, गाईंची हाडं. भिंतीवरचं घड्याळ वाकलेलं आहे, काटे बाराच्या पुढे काही मिनिटांवर अडकलेले. प्रवासी त्याच्याबरोबर फोटो काढतात. आम्ही नाही काढला. माझी नजर त्या हाडांवरून हलेना.

कारण गुरांचा प्रश्न मला तोवर कळला होता. छावणीत गेलेली माणसं सकाळी परत वर यायची, गाईंना गवत कापायला आणि धार काढायला. काळ्या-पांढऱ्या दुभत्या गाई म्हणजे घराची बँक. मुलाची फी, मुलीचं लग्न, सगळं त्यांच्यावर. सरकारने उशिरा का होईना जनावरं विकत घेण्याची तयारी दाखवली, तोवर हजारो गाई मेल्या होत्या. मोठ्या उद्रेकाचा इशारा बरोबर दिला आणि माणूस पहाटे चार वाजता गोठ्यात गेला, तर त्या इशाऱ्याचं काय करायचं?

उद्रेकानंतर नकाशा नव्याने रंगवला. किनाहरेजोसारख्या गावांत कायमची वस्ती बंद झाली. जमीन मालकाचीच राहिली, दिवसा शेती करायला, गवत कापायला मुभा. खाली पागरजुरांगसारख्या ठिकाणी नवी घरं दिली, शंभर चौरस मीटरच्या जागेवर एक. रांगेने एकसारखी छोटी घरं, समोर कुंड्या, गोठे वस्तीच्या कडेला वेगळे. बहुतेक लोक आले. ग्लागाहार्जोच्या वरच्या वाड्या मात्र आल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, आम्ही डोंगराबरोबरच राहू, निघायची वेळ आली की निघू.

त्यांपैकी एक कालितेंगाह लोर, शिखरापासून पाचेक किलोमीटर. आम्ही पोचलो तेव्हा एक आजी मोटारसायकलवर गवताचा भारा बांधून येत होत्या. भारा इतका मोठा की मागून फक्त चाक दिसत होतं. मासने ‘बू’ अशी हाक मारून ओळख काढली. त्या जावानीज बोलत होत्या, तो थोडक्यात सांगत होता. गोठ्यात दोन गाई आणि एक वासरू, कडेला दुधाची बरणी पालथी घातलेली. गाव का सोडलं नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी विचारलं, इशारा आला तर पहिलं काय करणार? त्यांनी क्रम तयारच ठेवला होता. आधी सासूबाई आणि नातवंडं. मग गाई. मग आपण. “बैठकीत साहेब डोंगराचं सांगतात,” त्या म्हणाल्या. “मी विचारते, गाईंचा ट्रक कुठला आणि चालक कोण?”

त्यांचा प्रश्न वाया गेलेला नाही. ५ नोव्हेंबर २०२०ला इशारा तिसऱ्या पायरीवर गेला तेव्हा या वाडीतले वृद्ध, गरोदर बाया आणि मुलं आधी खाली नेली आणि गुरांसाठीही खाली गोठ्यांची सोय केली. वरच्या गावांची खालच्या गावांशी जोडी लावली आहे. कुठल्या वाडीने कुठल्या गावात जायचं, हे आधीच ठरलेलं. घराघरांत वॉकीटॉकी आहेत. आम्ही पाहिलं त्या अंगणात मोटारसायकली रस्त्याकडे तोंड करून लावलेल्या होत्या.

आम्ही गेलो तेव्हाही इशारा तिसऱ्याच पायरीवर होता. २०२१च्या जानेवारीपासून वर पुन्हा घुमट वाढतो आहे, लोट मुख्यतः नैर्ऋत्येकडे उतरतात. कचेरी दर आठवड्याला अहवाल काढते आणि त्यात प्रत्येक नदीचं अंतर वेगळं दिलेलं असतं. बोयोंगच्या खोऱ्यात पाच किलोमीटर, बेदोग, क्रासाक आणि बेबेंगच्या खोऱ्यांत सात, वोरोत तीन, गेंदोलमध्ये पाच. डोंगराभोवती एकच गोल काढण्यापेक्षा हे फार शहाणपणाचं आहे. एका घळीतला माणूस कामावर जाऊ शकतो, दुसऱ्या घळीतल्याने जायचं नाही, आणि दोघांना त्याचं कारण समजतं. उगाच सगळ्यांना महिनोन्‌महिने उठवून ठेवलं तर पुढच्या वेळी कोणी उठत नाही.

उतरताना मासने आम्हाला नदीपात्रातले बांध दाखवले. जपानच्या मदतीने बांधायला सुरुवात झालेले असे दोनशेहून जास्त बांध मेरापीच्या नद्यांवर आहेत. पाणी पुढे जाऊ द्यायचं, दगड आणि गाळ मागे धरायचा. २०११च्या जानेवारीत पुतिह नदीच्या लाहारने योग्याकर्ता-मागेलांग महामार्ग अडवला, घरं वाहून नेली; इतका माल एका वेळी आला की बांध पुरले नाहीत. बोयोंग नदी शहरात पोचल्यावर तिचं नाव कोदे होतं आणि तिच्या काठावर दाटीवाटीने वस्ती आहे. म्हणजे तीस किलोमीटर दूरच्या शहरालाही या हिशेबातून सुटका नाही.

२०१०च्या उद्रेकाचा नंतर अभ्यास झाला. त्यात सुरोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंदाज मांडला की वेळेवर दिलेल्या इशाऱ्यांमुळे दहा ते वीस हजार जीव वाचले. यंत्रांचा आणि ती वाचणाऱ्या माणसांचा हा विजय आहे, त्यात शंका नाही. पण जे साडेतीनशे गेले, त्यांच्यातल्या अनेकांपर्यंत इशारा पोचला होता. पुढची व्यवस्था पोचली नव्हती. डोंगर मोजणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं त्या आजींच्या प्रश्नात आहे.

आपल्याकडे ज्वालामुखी नाही, दरडी आहेत. ३० जुलै २०१४ला माळीण गेलं, त्यात दीडशेच्या वर माणसं. २२ जुलै २०२१ला तळिये, १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडी. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच नंतर सांगितलं. ब्रोंगांगच्या म्हाताऱ्यांप्रमाणे आपणही ‘इथे कधी झालं नाही’ यावर विसंबतो. म्हणून ज्यांचं गाव डोंगराखाली आहे, त्यांना एवढंच सांगणं आहे. पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत चार गोष्टी लिहून मागा: किती पाऊस झाला की निघायचं, निघा असं रात्री कोण सांगणार, जायचं कुठे, आणि गुरं कोण नेणार. चारही उत्तरांपुढे माणसाचं नाव आणि फोन नंबर असल्याशिवाय सही करू नका.